रहिमतपूरचा सौदा

मी एकदा नवऱ्याच्या हातातून रहिमतपूर काढून घेतलं. म्हणजे रहिमतपूर नावाचा खेळातला पत्ता. घरी कापलेला, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलेला. त्यांची बोली सगळ्यांत मोठी होती. ती मला एकटीलाच कळली होती. तरी मी "रहिमतपूर माझं" म्हणून पत्ता उचलला आणि ओंजळीतली हळकुंडं खुळखुळवत हसले. तेव्हा मी लहान होते. अवघी अडुसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला अक्कल कुठून असणार?

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या मी हौसेनं सांगते. भिशीतल्या बायका हसतात, मीही हसते. ही एक गोष्ट मात्र मी सांगायला लागले की समोरची बाई अर्ध्यात हसायचं थांबते, हातातला खाऊ खाली ठेवते, आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते. म्हणून बोलत नाही. लिहिते. वाचणाऱ्याचं तोंड निदान दिसत नाही.

यंदाची हळद बाजारात आली. हे मला कुणी सांगावं लागत नाही. आमचं घर मार्केट यार्डापासून लांब आहे, पण थंडी उतरली आणि वारा फिरला की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांना एक आजारी रंग चढतो. सूनबाई म्हणते, तुमचा भास आहे आई. असेल. पण माझ्या नाकाला भास होत नाही. सुकलेल्या हळदीचा वास फोडणीतल्या हळदीसारखा नसतोच मुळी. तो कोरड्या मातीत कुणीतरी औषध सांडावं तसा असतो, कडवट, उबदार, घशात बसणारा. माझे वडील हळदीचे अडते. ते घरी आले की आधी हा वास आत यायचा, मग ते. नखांच्या कडा बारा महिने पिवळ्या. आई म्हणायची, ह्यांना वेगळी हळद लावायला नको, कायमचे नवरदेव आहेत.

सौदा बघायला मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. पोत्यांच्या थप्प्या, मधोमध वडील, भोवती व्यापारी. कुणी तोंडानं भाव बोलायचा नाही. वडील उपरणं हातावर टाकायचे आणि त्या उपरण्याखाली एकेक व्यापारी त्यांचा हात धरायचा. एक बोट, दोन बोटं, सबंध पंजा. बाहेर चेहरे देवळातल्यासारखे गंभीर आणि आत बोटांची झटापट. शेतकरी बिचारा पोत्यावर बसून त्या हलणाऱ्या कापडाकडे बघत राहायचा. आत त्याचं वर्ष ठरत असायचं. ही पद्धत आता गेली, आता उघड बोली होते. पण माझी बोटं त्या कापडाखाली शिकली. हात हातात आला की त्यात किंमत असते, एवढंच आमच्या घराण्याला ठाऊक.

आणि दिलं मला कुणाला, तर रेल्वेच्या गार्डला. मालधक्क्यावर वडिलांची पोती वॅगनमध्ये चढत असताना हे तिथं कागद घेऊन उभे असायचे. हमालावर ओरडत नाहीत, चहा स्वतःच्या पैशानं पितात, एवढ्या दोन गुणांवर वडिलांनी पोरगा पसंत केला. मीटर गेज जाऊन नुकते रुंद रूळ पडले होते. लग्नानंतर त्याच नव्या लायनीवरून मी सासरी गेले. सांगली सोडली, नांद्रे, भिलवडी, ताकारी, शेणोली, कराड, मसूर, तारगाव, रहिमतपूर. स्टेशनावर उतरून बैलगाडीत कोसभर आत, मग वाडी. ऊस, आल्याची शेतं, शेणानं सारवलेलं अंगण आणि दीर तुकाराम, तेव्हा मिसरूड न फुटलेला. मी एकोणीस वर्षांची, सांगलीच्या पेठेतली, टाचेची चप्पल घातलेली. अंगणात उभी राहून मी सासूबाईंना विचारलं, "इथं थेटर कुठं आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "हाय की. ऱ्हा उभी अशीच, वाडी आत्ता येतीया बघायला."

आणि आली. कुंपणाच्या पलीकडं उभं राहून लोक माझी चप्पल बघत होते. त्या बयेला आज बघितलं तर मीसुद्धा तिकीट काढून बघीन.

वाडीत मी टिकले नाही. सण असला की जायचं, दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणायचं आणि सांगलीची गाडी धरायची. यांची ड्यूटी त्याच लायनीवर. वाडीचं रान रुळाला लागून होतं. गाडी तिथून जायच्या वेळेला सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहायच्या आणि हे शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी हलवायचे. गाडी थांबायची नाही. तिथं थांबा नव्हताच. सासूबाई गेल्या तरी यांनी झेंडी हलवणं सोडलं नाही. कुणाला हलवता, विचारलं, तर म्हणाले, "सवय हाय." रिटायर झाल्यावर एकदा मला म्हणाले, "वाडीला दोन खोल्या काढू या का? रुळाच्या अंगाला." मी म्हटलं, "आणि मी तिथं बसून काय करू? ऊस मोजू?" ते म्हणाले, "बरं."

माझ्याशी ते आयुष्यभर या एका शब्दावर राहिले. मी म्हणायची, माझ्यासारखी बोलकी बायको मिळाली म्हणून तुमचे बाकीचे शब्द वाचले. मग माझ्या अडुसष्टाव्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, सगळं एका सकाळी गेलं. महिनाभरानं तोंडातून पहिला शब्द फुटला, तो "बरं." दुसरा फुटलाच नाही. पाणी हवंय? बरं. नकोय? बरं. दुखतंय का? बरं. डोक्यात सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं; पण बाहेर यायला तेवढी एकच फट उरली होती. डाव्या हातात पेन दिलं तर रेघा नुसत्या. डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं: मधूनच रडू येईल, घाबरू नका, या आजारात येतं, त्याला काही अर्थ नसतो. हे वाक्य आम्ही फार मनावर घेतलं. यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की आम्ही रुमालानं पुसायचो आणि बोलणं पुढं चालू. उतू गेलेलं दूध पुसावं तसं.

आणि मग ऐन हळदीच्या हंगामात करोनाच्या साथीनं सगळंच बंद झालं. बाजार बंद. गाड्या बंद. माझ्या माहेरचा आवाज आणि यांच्या जन्माचा आवाज, दोन्ही एका आठवड्यात थांबले. यांना बोटांचा व्यायाम द्यायला एक मुलगी यायची, तीही बंद. मुलगा पुण्यात अडकला. घरात हे, मी, सूनबाई वैशाली आणि नात मुक्ता. मुक्ताच्या कॉलेजची परीक्षा आज होईल, उद्या होईल करत लांबत चाललेली. पुस्तकं उघडी ठेवून ती भिंतीकडे बघत बसायची. दुपारी गल्लीत इतकी शांतता, की शेजारच्या घरात कुणी भांडं विसळलं तर आम्हाला कळायचं ते ताट आहे की परात.

त्या शांततेत मुक्तानं तो खेळ काढला. वैशालीच्या भाचीचं लग्न पुढं ढकललं होतं आणि न वाटलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आमच्याकडे पडून होता. मुक्तानं त्या कापल्या. एका पत्त्यावर एक स्टेशन, पुण्यापासून मिरजेपर्यंत. प्रत्येक स्टेशनाचा लिलाव. ओळीनं तीन स्टेशनं ज्याच्याकडे आली त्याची गाडी सुटली; मग त्याच्या लायनीवरून जाणाऱ्या प्रत्येकानं भाडं मोजायचं. तीन सलग नसली तर सगळं लोखंड फुकट. नाणी म्हणून डब्यातली हळकुंडं. मुक्ता म्हणाली, "आजोबांच्या डोक्याला काम. त्यांना सगळी स्टेशनं पाठ आहेत."

"आणि बोली कशी लावणार ते? 'बरं' म्हणून?" वैशाली म्हणाली.

तेव्हा मी पुढं सरसावले. मीच ती शहाणी. मी यांचा पंचा आणला, मुक्ताच्या हातावर टाकला आणि आत हात घालून दाखवलं. बोलायचं नाहीच. एक बोट धरलं तर एक हळकुंड, पंजा म्हणजे पाच, आणि मनगट धरलं तर हातात आहे ते सगळं. यांनी ते एकदा बघितलं. डावा हात पंचाखाली सारला आणि मुक्ताची दोन बोटं धरली. मुक्ता ओरडली, "कराड, आजोबांचं!" आणि यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. किती दिवसांनी हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले, आणि येताना डब्यातून चार हळकुंडं जास्तीची घेऊन आले. दोन्ही कामं एकाच खेपेत.

लबाडी मी पहिल्या दिवसापासून केली. पत्त्यांच्या पाठीवर पत्रिकेचे तुकडे होते. ज्याच्या पाठीवर गणपतीची सोंड ते मिरज, जेवणाची वेळ छापलेली ते सातारा, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ते रहिमतपूर. मी सगळ्या पाठी पाठ केल्या. आणखी एक नियम मी परस्पर घुसवला: अडत्याची पाळी ज्याच्याकडे असेल त्यानं सगळ्यांची बोली बघून घ्यावी आणि वाटलं तर एक हळकुंड वर टाकून पत्ता स्वतःच ठेवावा. वडिलांनी हे ऐकलं असतं तर मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. अडत्यानं दुसऱ्यांचे हात धरायचे, स्वतःचा हात मालात घालायचा नाही. हा त्यांचा धर्म होता. मी तो पंचाखाली बुडवला, आणि कशासाठी, तर चार हळकुंडांसाठी, जी शेवटी आमटीतच जाणार होती.

त्या दिवशी अडत्याची पाळी माझी होती. माझ्यासमोर कोरेगाव होतं, तारगाव होतं. मधलं रहिमतपूर आलं की माझी गाडी सुटणार. रहिमतपूर निघालं. वैशालीनं एक बोट धरलं. मुक्तानं तीन. मग यांचा हात आला. आधी पंजा. मग पंजा सुटला आणि मनगट. सगळं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते. मनात म्हटलं, म्हातारा आजारी पडला पण अडवायला चुकत नाही, माझी लायन तोडतोय. आणि म्हटलं, "रहिमतपूर माझं."

"आजी, तुला परवडतंय का?" मुक्ता.

"माझ्या बापाचं दुकान आहे."

मी हसत होते आणि पंचाखाली त्यांची पकड सुटत नव्हती. त्या हाताला जोर असा फारसा नव्हता. तरी चुड्याच्या बांगड्या रुतेपर्यंत त्यांनी धरून ठेवलं. मी म्हटलं, "सोडा आता, सौदा झाला." डोळ्यांतून पाणी आलं. वैशालीनं सवयीनं रुमाल पुढं केला. मी पुसलं. त्याला अर्थ नसतो, डॉक्टर म्हणाले होते.

"बरं," हे म्हणाले, आणि हात काढून घेतला.

त्यानंतर ते दुसऱ्या कुठल्याच स्टेशनावर बोली लावेनात. पुणे जाऊ दे, सातारा जाऊ दे, मिरज जाऊ दे; हात मांडीवर. रहिमतपूर निघालं की मनगट. मग आम्हाला खेळच सापडला. रहिमतपूर आलं की आम्ही ते मुद्दाम त्यांच्यावरच सोडायचो, की यांची सगळी हळकुंडं एका पत्त्यात संपावीत. "आजोबा, आणखी कुठं जायचंच नाही का तुम्हाला?" मुक्ता विचारायची आणि आम्ही तिघी हसायचो. हे आज लिहिताना मी त्या तिघींच्या तोंडांकडे बघते. दोघी वयानं लहान होत्या. तिसरीनं त्या माणसाबरोबर जवळजवळ पन्नास वर्षं काढली होती. तिला वाटलं हा डाव आहे.

माझ्या आयुष्यात रहिमतपूर मला कधी फुकटसुद्धा नको होतं. पत्त्यात निघालं तेव्हा मात्र मी त्यावर घर पणाला लावायला निघाले.

माणसांच्या गाड्या बंद होत्या, तरी मालगाड्या चालू होत्या. त्या आधीही जायच्याच, पण गलक्यात ऐकू यायच्या नाहीत. आता पार रुळाकडून वाऱ्यावर शिट्टी यायची आणि हे मान वळवायचे. एक दिवस सकाळी मी तांदूळ निवडत होते. शिट्टी झाली. हे खुर्चीतून आपले आपण उठले. झटका आल्यापासून दोन माणसांशिवाय न उठलेला माणूस भिंत धरून उभा राहिला. एका पायात चप्पल सरकवली, दुसरी जाईना. मग शर्टाच्या खिशातून पत्ता काढला. रहिमतपूर. आदल्या दिवशी डाव आवरताना तो कमी भरला होता आणि वैशालीनं सगळी सतरंजी झटकली होती. तो त्यांनी मुक्तासमोर धरला. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या तो माणूस तिकीट दाखवावं तसा पत्ता धरून उभा होता.

मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "आत्ता नको, दुपारी खेळू."

मुक्ता म्हणाली, "आजी, आजोबा खेळत नाहीयेत."

"मग काय करतायत?"

"सांगतायत गं. केव्हाचे सांगतायत."

तांदूळ निवडताना माझ्या हातात एक खडा होता. तो मी किती तरी वेळ धरून ठेवला. टाकायचा कुठं तेच सुचेना. मुक्ता त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि विचारलं, "वाडीला जायचंय?" ते "बरं" म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच म्हणाले नाहीत. नुसती मान हलवली, आणि खाली बसवलं तरी हलवतच राहिले.

सांगलीहून वाडी काही परदेशात नाही. पण मध्ये जिल्ह्याची हद्द आणि हद्दीवर पोलीस. ज्या हद्दीवरून हे हजार वेळा झेंडी दाखवत गेले, ती ओलांडायला आता पास लागणार होता. मी दिराला फोन लावला. तुकारामभावजी म्हणाले, "या की वैनी. घर काय माझ्या एकट्याचं हाय व्हय? दादाचंच हाय. कवाबी या." मी यांच्या कानाशी फोन धरला. "दादा, ये रं," असं त्यातून आलं. यांनी डोळे मिटून घेतले.

मुक्ता मोबाइलवर पासचा अर्ज भरायला बसली. "आजी, कारण काय लिहू?"

"लिही, घरी जायचंय."

"तसं नाही लिहिता येत. यातलंच निवडायचं. वैद्यकीय, मयत, नाहीतर अडकून पडलेत."

"मयत लिही."

"कुणाची?"

"लिही गं. पोचेपर्यंत होईल कुणाची तरी."

"आजी, प्लीज." ती रडायला लागली, आणि मला माझ्या विनोदाची किळस आली. तोंड आहे ते. एकोणिसाव्या वर्षी अंगणात उघडलं ते अजून मिटलेलं नाही.

'अडकून पडलेत' निवडून बघितलं. नामंजूर. ज्याचं घर सांगलीत आहे तो सांगलीत अडकलाय कसा, हे मोबाइलला पटलं नाही. मग वैद्यकीय लिहिलं, तर डॉक्टरचा दाखला हवा, आणि डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटला हलवा असं मी कसं लिहून देऊ? शेवटी आमच्या बोळातल्या जुन्या वैद्यांनी काहीतरी खरडून दिलं. ते पाठवलं. उत्तर येईना.

यांनी मात्र पत्ता मुक्ताला परत देऊन टाकला. त्यानंतर आम्ही रहिमतपूर त्यांना फुकट द्यायला लागलो, अगदी बोलीसुद्धा न लावता. पण ते पत्ता परत सारायचे. आता तो त्यांना नको होता. त्याचं काम झालं होतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट तेवढा मागायचे, कपाटाकडे बोट दाखवून. मी घालायची, बटणं लावायची. दाराकडे तोंड करून बसायचे. संध्याकाळी मी तोच शर्ट काढून घडी घालायची. मी, जिचं तोंड मिटत नाही, तिला बोलायला काही सापडायचं नाही. कधी मी पंचा घेऊन त्यांच्या हातावर टाकायची आणि आत हात घालून बसायची. ते माझं एकही बोट धरायचे नाहीत. हात नुसता हातात. मला त्यात किंमतच शोधायची सवय. मग हळूहळू कळलं, की यात मोजण्यासारखं काही नाही. अडुसष्टाव्या वर्षी कळलं. लहानच होते.

वैशाखात एका सकाळी मी बटणं लावली, वरचं राहिलं म्हणून चष्मा आणायला आत गेले, आणि बाहेर आले तर ते गेले होते. मान दाराकडेच होती. न्यायला चार माणसं मिळताना मारामार झाली. मुलगा पुण्याहून पोचू शकला नाही. मोबाइलवर बघत होता आणि मुक्ता हात उंच करून मोबाइल धरत होती. तुकारामभावजी फोनवर लहान पोरासारखे रडले. मी रडले नाही. मी सारखी दिवस मोजत होते. त्यांनी पहिल्यांदा माझं मनगट धरलं तेव्हापासून मुक्तानं "सांगतायत गं" म्हणेपर्यंत किती डाव झाले? तेव्हाच कळतं तर? तेव्हा हद्दीवर एवढी कडक नाकेबंदी नव्हती, शेजाऱ्यांची गाडी दारात होती. त्या वेळी निघालो असतो तर ते वाडीत गेले असते, रुळाच्या अंगाला, स्वतःच्या घरात. ते दिवस मी जिंकत बसले होते.

हे मोजणं माझं अजून संपलेलं नाही. हळद आली की सुरू होतं. आता त्या लायनीवर विजेच्या गाड्या धावतात, दुसरे रूळ पडलेत, मुक्ता नोकरीला पुण्यात असते आणि त्याच गाडीनं येते-जाते. रहिमतपूर गेलं की मला फोन करते. काही बोलत नाही खास, जेवलीस का विचारते. पत्ते कुठं गेले मला माहीत नाही. कुणी टाकले असतील तर बरंच केलं.

त्या वर्षी गणपती झाले, पास बंद झाले, मुलगा घरी आला, आणि आम्ही राखून ठेवलेल्या थोड्या अस्थी घेऊन वाडीला गेलो. गाडी थेट अंगणात गेली. तुकारामभावजी मुलाला घेऊन नदीकडे गेले. मी ओट्यावर बसले. पाऊस उघडला होता, आल्याच्या शेतातून ओला तिखट वास येत होता, आणि रान ओलांडून रूळ दिसत होते, रिकामे. धाकटी जाऊ शैला चहा घेऊन आली. शैला माझ्यापेक्षा बरीच लहान, कष्टाची, कमी बोलणारी. मी कधी तिच्याशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. पण त्या दिवशी तिचा हात धरून मी सगळं सांगितलं. खेळ, पंचा, मनगट, सगळं. म्हटलं, मी उशीर केला गं. वेळेवर समजलं असतं तर तुझ्या दारात येऊन गेले असते ते. माझ्यामुळे राहिलं. आणि जे रडू तेव्हा आलं नव्हतं ते तिथं आलं.

शैलानं हात सोडवून घेतला नाही. मग दाराकडे, नदीच्या वाटेकडे बघून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली:

"आक्का, खरं सांगू का? तुमी त्यास्नी घिऊन आला असता तर आमी दार उघडलं नसतं. वाडीनं ठरवलं हुतं, भायेरच्याला घ्यायाचं न्हाई. ह्येंनी तुमाला फोनवर या म्हनून सांगितलं, आन् फोन ठिवल्यावर मला म्हनालं, आलीच तर आतनं कडी लाव आन् गप बस. दादा हितं ह्या ओट्यावर बसल्यालं मला खिडकीतनं बघाय लागलं असतं. तवा उशीर केला म्हनून रडू नगा. च्या घ्या, निवतोय."